कालव आणि खाडीचे पाणी

कालव हा दोन झडपांच्या शिंपल्यात राहणारा, एकदा खडकाला चिकटला की मरेपर्यंत जागा न सोडणारा आणि भोवतालचे पाणी गाळून त्यातल्या कणांवर जगणारा प्राणी आहे; ज्या खाडीत कालवांची वस्ती दाट असते तिचे पाणी त्याच्या या जगण्यामुळे अधिक निवळ राहते, हे सागरी जीवशास्त्रात आता सर्वमान्य झाले आहे. घाटमाथ्यावरच्या वाचकाला ‘कालवे’ म्हटले की धरणाचे पाट आठवतात, म्हणून आरंभीच सांगितले पाहिजे की किनाऱ्यावर ‘कालव’ हा वेगळा, नपुंसकलिंगी शब्द असून बोलण्यात त्याचे अनेकवचन ‘कालवं’ असे होते. कोकणात प्रामुख्याने दोन प्रकारची कालवे आढळतात: भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या खडपांवर दाटीने चिकटलेली, दातेरी कडांची लहान कालवे, ज्यांना शास्त्रात सॅकोस्ट्रिया कुकुलाटा म्हणतात, आणि खाडीच्या मुखापासून आतल्या निमखाऱ्या पाण्यात वाढणारी मोठी, लांबट कालवे, ज्यांत क्रॅसोस्ट्रिया ग्रिफॉइडीस ही जात महत्त्वाची आहे.

सिंधुदुर्गातल्या खाड्यांमध्ये महिला बचत गटांबरोबर कालवांच्या संवर्धनाचे काम करण्यात प्रस्तुत लेखकाची बरीच वर्षे गेली. बांबूचे मांडव खाडीत उभे करायचे, त्यांना रिकाम्या कवचांच्या माळा टांगायच्या, त्या कवचांवर कालवांचे बी बसले की ते वाढवायचे आणि विकण्याजोगे झाले की काढायचे, अशी ही पद्धत असून तिचा पाया केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात तुतिकोरिनला घातला आणि पुढे केरळात अष्टमुडीच्या जलाशयाकाठी ती चांगली रुजली. काम सुरू झाले तेव्हा गटातल्या सर्वांचे लक्ष मांसावर होते: एका माळेला किलो किती उतरतात, बाजारात एका वाट्याला भाव काय मिळतो, याच प्रश्नांभोवती पहिली वर्षे फिरत राहिली. पाण्याचा विचार नंतर आला, आणि कवचाचा विचार त्याहूनही उशिरा. हा क्रम उलटा असायला हवा होता, हे आज लिहिताना लपवण्याचे कारण नाही.

कालव पाणी कसे गाळते हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट कळत नाही, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगावे लागेल. झडपा किंचित उघडून बसलेल्या कालवाच्या कल्ल्यांवर असंख्य सूक्ष्म, केसांसारखे तंतू असतात. त्यांना रोमके म्हणतात. ही रोमके एका लयीत हलत राहिल्याने पाण्याचा प्रवाह आत ओढला जातो, त्यातले कण कल्ल्यांवर अडकतात आणि निवळलेले पाणी दुसऱ्या बाजूने बाहेर पडते. अडकलेल्या कणांची कालव पुन्हा निवड करते: पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, म्हणजे वनस्पतीप्लवक, आणि खाण्याजोगे इतर कण तोंडाकडे जातात, तर माती, रेव आणि जास्तीचा माल चिकट स्रावात गुंडाळून तसाच बाहेर टाकला जातो. पोटातून न जाताच बाहेर पडलेल्या या गोळ्यांना आभासी विष्ठा म्हणतात. पाण्यात सुटा असताना दिवसचे दिवस तरंगत राहिला असता असा बारीक गाळ एकदा या स्रावात बांधला गेला की जड होऊन तळाशी बसतो. पाण्याच्या माठात तुरटी फिरवल्यावर जे घडते, त्याच्याशी या क्रियेचे साम्य आहे.

हे साम्य गावात पटवून द्यावे म्हणून एक साधा प्रयोग वारंवार करण्यात येई. काचेच्या दोन सारख्या बरण्यांत एकाच वेळी खाडीचे गढूळ पाणी भरायचे, एकीत सात-आठ जिवंत कालवे ठेवायची, दुसरी तशीच ठेवायची, आणि सभेचे बोलणे चालू असताना दोन्ही सर्वांच्या नजरेसमोर राहतील अशा मांडायच्या. दोनेक तासांत कालवांच्या बरणीतले पाणी इतके निवळत असे की पलीकडे धरलेल्या वहीची अक्षरे वाचता येत, आणि सभेत टाळ्या वाजत. अशाच एका सभेत कालवे फोडण्यात आयुष्य गेलेली एक आजी पुढे आली, तिने बरणी उचलून डोळ्यांजवळ धरली आणि तळाकडे बोट दाखवले. तिथे दोऱ्यासारख्या तपकिरी, बुळबुळीत गुंडाळ्या साठल्या होत्या. बरणी किंचित कलली की त्या एकमेकींत गुंतत हळूच सरकत. ‘मगे ती घाण गेली खंय?’ एवढेच तिने विचारले. सभेत त्या प्रश्नाचे धड उत्तर देता आले नाही.

आजीचा प्रश्न शास्त्राच्या दृष्टीने अगदी मर्माचा होता. पाण्यातली घाण नाहीशी होत नाही, ती जागा बदलते. आणि ती जागा कशी आहे यावर खाडीचे भले-बुरे ठरते. शेतातून वाहून आलेली खते आणि वस्तीतले सांडपाणी यांतून खाडीत नत्र येते, नत्रामुळे वनस्पतीप्लवक भरमसाट वाढते, ते मरून कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे गुदमरतात. या साखळीला पोषणाधिक्य म्हणतात. कालवे प्लवक खाऊन ही साखळी सुरुवातीलाच तोडतात. त्यातले काही नत्र त्यांच्या मांसात आणि कवचात साठते, म्हणून काढलेल्या कालवांबरोबर ते खाडीबाहेर जाते. बाकीचे विष्ठेबरोबर तळाच्या गाळात उतरते. या गाळाचा वरचा थर प्राणवायू असलेला आणि खालचा प्राणवायू नसलेला असा राहिला, तर तिथले जिवाणू नत्राचे टप्प्याटप्प्याने वायूत रूपांतर करतात आणि तो वायू पाण्यातून वर निघून हवेत मिसळतो. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग याच वायूचा असल्याने त्याचा कोणाला उपद्रव होत नाही. खाडीच्या आरोग्याला कालवांचा खरा हातभार इथे आहे, आणि तो डोळ्यांना दिसत नाही.

पण तळाचा गाळ निरोगी असेल तरच हे सगळे घडते. उत्पन्न वाढावे म्हणून एका वर्षी मांडवांची संख्या वाढवून माळा अगदी जवळजवळ टांगण्यात आल्या, आणि जागाही अशी निवडली गेली की जिथे भरतीचे पाणी येई खरे, पण त्याला ओढ नसे. सहा-सात महिन्यांनी मांडवाखालचा चिखल हाताने काढून पाहिला तेव्हा वरच्या बोटभर थराखाली तो डांबरासारखा काळा निघाला आणि त्याला सडक्या अंड्यांचा वास होता. विष्ठेचा ढीग वाहून न जाता एकाच जागी साठला होता, त्यातला प्राणवायू संपला होता आणि नत्राचा वायू करणाऱ्या जिवाणूंऐवजी कुजवणाऱ्या जिवाणूंचे राज्य तिथे सुरू झाले होते. आजीच्या प्रश्नाचे उत्तर त्या मूठभर चिखलात मिळाले. पुढे मांडव वाहत्या पाण्यात आणि अंतर राखून बांधण्यात आले, दर काही हंगामांनी त्यांची जागा हलवण्यात आली आणि उत्पन्न कमी झाले तरी ते मान्य करण्यात आले.

कालवांच्या या सामर्थ्याचे जगात सर्वाधिक उद्धृत केले जाणारे उदाहरण अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक उपसागराचे आहे. तिथल्या क्रॅसोस्ट्रिया व्हर्जिनिका या जातीचे एक पूर्ण वाढलेले कालव उबदार आणि अनुकूल पाण्यात दिवसाला जास्तीत जास्त सुमारे १९० लिटर पाणी गाळू शकते, असे मानले जाते. रॉजर न्यूएल या संशोधकाने १९८८ मध्ये केलेल्या अंदाजानुसार १८७० पूर्वीची कालवे सबंध उपसागराचे पाणी तीन-चार दिवसांत गाळून काढू शकत होती, तर त्याच्या काळी उरलेल्या कालवांना त्याच कामाला जवळजवळ एक वर्ष लागले असते. १८८० च्या दशकाच्या मध्यास एकट्या मेरीलँड राज्यात वर्षाला सुमारे दीड कोटी बुशेल, म्हणजे मोठ्या टोपल्या, इतकी कालवे निघत होती. पुढे जड लोखंडी जाळ्यांनी तळ खरवडून काढल्यामुळे आणि विसाव्या शतकाच्या मध्यापासून आलेल्या दोन परजीवी रोगांमुळे उपसागरातल्या कालवांची संख्या मूळच्या एक टक्क्याच्याही खाली गेली.

हे आकडे खरे असले तरी त्यांनी या क्षेत्रात काम करणाऱ्यांची दिशाभूलही बरीच केली आहे, आणि प्रस्तुत लेखक त्याला अपवाद नव्हता. कालवांची संख्या मोजायची, तिला १९० ने गुणायचे आणि आलेला भव्य आकडा अहवालात लिहायचा, हा मोह सुरुवातीच्या काळात आवरला गेला नाही. वास्तविक ते प्रमाण एका वेगळ्या जातीचे, आदर्श परिस्थितीतले आणि कमाल मर्यादेचे आहे. कोकणातल्या खडपावरचे कालव ओहोटीत तासन्‌तास उघडे पडते आणि तेवढा वेळ ते घट्ट मिटलेले असते. पाणी फार गढूळ झाले की त्याचा वेग मंदावतो. लहान कालव मोठ्याइतके गाळत नाही. आणि दाट वस्तीत शेजारच्या कालवाने गाळलेलेच पाणी पुन्हा गाळले जाते. हा सर्व विचार करून हिशेब मांडला तेव्हा अहवालातला आकडा फार लहान झाला. तो लहान आकडा मांडल्यावर निधी देणाऱ्यांचा उत्साह कमी झाला, हेही नमूद केले पाहिजे. पण फुगवलेल्या आकड्याने खाडीचे पाणी निवळत नाही.

कोकणातल्या कालवांसाठी सर्वांत कठीण परीक्षा पावसाळ्याची असते. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. सह्याद्रीवर सलग पाऊस कोसळू लागला की खाडीच्या आतल्या भागात हे प्रमाण उतरत उतरत जवळजवळ शून्यावर येते. अशा वेळी कालव झडपा मिटून घेते आणि साठवलेल्या शक्तीवर काही दिवस तग धरते; पण पाणी गोडेच राहिले तर ते मरते. पहिल्या हंगामात मांडव जिथे बांधले गेले ती जागा नकाशा पाहून, खोली मोजून आणि उन्हाळ्यातल्या पाण्याचा खारटपणा तपासून ठरवलेली होती. गटातल्या दोघी-तिघींनी तेव्हाच सांगितले होते की त्या वळणाच्या आत कालवे धरत नाहीत, पावसात तिथे गोडे पाणी उतरते. पण मोजमापाच्या कागदांपुढे त्यांचे बोलणे कोणी मनावर घेतले नाही. जुलैच्या अखेरीस पाऊस दोन आठवडे थांबला नाही आणि त्यानंतर माळा वर ओढल्या तेव्हा बहुतेक कवचे वासलेली होती, आतले मांस सडून गेले होते आणि माळ हलवली की रिकाम्या झडपांचा खुळखुळाट होत होता. त्या वर्षीचे सारे कष्ट वाया गेले. नुकसान बायकांचे झाले आणि चूक जागा ठरवणाऱ्यांची होती. पुढच्या वर्षीपासून जागा ठरवताना आधी गावातल्या कालवे काढणाऱ्या बायकांबरोबर खडपांवरून चालत जायचे, कोणत्या दगडापर्यंत कालवे मिळतात आणि कुठून थांबतात ते पाहायचे, आणि मगच मोजमाप घ्यायचे, असा नियम करण्यात आला. खडकावर कालवांची जी शेवटची रांग दिसते ती अनेक पावसाळ्यांची नोंदवही असते.

या सर्व काळात कवचांकडे मात्र टाकाऊ माल म्हणूनच पाहिले जात होते. कालवांची पिल्ले अंड्यातून निघाल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात, नंतर त्यांना एक लहानसा पाय फुटतो, त्या पायाने ती तळावर चाचपडत योग्य जागा शोधतात आणि एकदा डावी झडप चिकटवली की कायमची तिथली होतात. या बसलेल्या पिल्लांनाच बी म्हणतात. एका मादीची अंडी लाखोंनी असली तरी कठीण, स्वच्छ पृष्ठभाग न मिळाल्याने बहुतेक पिल्ले चिखलात पडून मरतात. पृष्ठभाग म्हणून कौले, चुन्यात बुडवलेल्या फरश्या, नारळाच्या करवंट्या, जुने टायर असे बरेच काही टांगून पाहण्यात आले. पाऊस ओसरून खाडीचे पाणी पुन्हा खारट होऊ लागले की या सर्वांवर बी किती बसले ते मोजले जाई, आणि दरवर्षी कालवांच्या जुन्या कवचांवरच ते सर्वांत दाट आढळे. पहिल्या आठवड्यात ते डोळ्यांना नीट दिसतही नाही; कवचाच्या आतल्या गुळगुळीत बाजूवरून अंगठा फिरवला की रव्याचा कण लागावा तसा खरखरीतपणा जाणवतो, आणि महिन्याभरात त्याच जागी नखाएवढी, कडेला जांभळट छटा असलेली झडप दिसू लागते.

कवच हीच कालवांची जमीन आहे, हे एकदा लक्षात आल्यावर जुन्या बायकांच्या कामाकडे पाहण्याची दृष्टीही बदलली. उधाणाच्या ओहोटीला त्या खडपावर उकिडव्या बसतात, कोयत्याच्या टोकाने कालवाची वरची झडप उडवतात, आतले मांस काढून भांड्यात टाकतात आणि पुढे सरकतात. खालची झडप खडकालाच चिकटलेली राहते. पुढच्या हंगामात नवे बी त्याच झडपांवर बसते. हॉटेलांची मागणी वाढल्यावर जी नवी रीत आली तिच्यात छिन्नी-हातोडीने कालवांचे पुंजकेच्या पुंजके उखडून घरी नेतात, मांस काढतात आणि कवचांचे ढीग चुन्याच्या भट्टीला विकतात. अशा उखडलेल्या खडपाची पाहणी सलग तीन वर्षे केली असता, पहिल्या वर्षी त्यावर शेवाळ, दुसऱ्या वर्षी बारीक गाळाचा थर आणि कुठे कुठे एखाद-दुसरे कालव आढळले. शेजारच्या, जुन्या रीतीने फोडलेल्या खडपावर मात्र दर हंगामाला कालवे होतीच. ज्या बायकांना संवर्धन शिकवायला म्हणून प्रस्तुत लेखक गेला होता, त्यांच्या आया-आज्या ते पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या होत्या. या कामातला हा सर्वांत मोठा धडा होता, आणि तो मिळायला सहा वर्षे लागली.

या धड्याला शास्त्राच्या इतिहासातही आधार आहे. कार्ल म्योबियस हा जर्मन प्राणिशास्त्रज्ञ उत्तर समुद्राकाठच्या कालवांच्या थरांची पाहणी करत असताना त्याला दिसले की कालव तिथे एकटे राहत नाही; त्याच्या कवचांच्या फटींत खेकडे, किडे, स्पंज, लहान मासे अशी पूर्ण वस्ती असते आणि त्यातल्या एकाची संख्या बदलली की सर्वांचीच बदलते. १८७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कालवविषयक पुस्तकात त्याने अशा वस्तीला ‘बायोसिनोसिस’, म्हणजे जीवसमुदाय, हा शब्द दिला, आणि परिसरशास्त्राची एक मूळ संकल्पना अशा रीतीने कालवांच्या थरावर जन्माला आली. चेसापीकमध्येही कवचांचा उपयोग एकेकाळी रस्ते भरायला, चुना भाजायला आणि कोंबड्यांच्या खाद्यात होत असे, त्यामुळे नव्या पिल्लांना बसायला जागा उरली नाही. आज तिथे पुनरुज्जीवनाचे जे काम चालते त्यात हॉटेलांतून कवचे गोळा करून, वाळवून, त्यांवर बी बसवून ती परत पाण्यात सोडतात. हॅरिस क्रीक या एकाच उपखाडीत सुमारे ३५० एकरांवर २०० कोटींहून अधिक बी अशा रीतीने सोडण्यात आले.

इथवर वाचल्यावर कोणालाही वाटेल की दूषित खाड्यांत कालवे सोडली की प्रश्न सुटला. असा प्रस्ताव घेऊन येणारे लोक दरवर्षी भेटत असत, आणि त्यांना नाही म्हणणे हा कामाचा एक भागच होऊन बसला. कालव सूक्ष्म कण गाळते, पण त्याबरोबर सांडपाण्यातले रोगजंतू आणि जड धातूही आपल्या शरीरात साठवते. १९०२ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये विंचेस्टर आणि साऊथहॅम्प्टन इथल्या मेजवान्यांत वाढलेली कालवे एम्सवर्थ या बंदरातली होती. तिथे कालवांच्या थरांजवळच सांडपाणी सोडले जात होते, आणि त्या कालवांमुळे पाहुण्यांना विषमज्वर होऊन काही जण दगावले. फ्रान्सच्या आर्काशों उपसागरात १९७० च्या दशकाच्या अखेरीस कालवांची कवचे वेडीवाकडी, जाड होऊ लागली आणि बी बसणे जवळजवळ थांबले. नावांच्या तळाला समुद्री जीव चिकटू नयेत म्हणून लावल्या जाणाऱ्या रंगातले कथिलाचे एक संयुग त्याला कारण असल्याचे निष्पन्न झाल्यावर १९८२ मध्ये फ्रान्सने लहान नावांवर त्या रंगाला बंदी घातली. पाण्याचे दुखणे कालवाच्या अंगावर उमटते, ते असे.

सिंधुदुर्गातही एका वर्षी हे अनुभवाला आले. एका बाजारपेठेच्या गावाचे गटार मांडवांच्या वरच्या अंगाला खाडीत सोडण्यात आले, आणि नेहमीच्या तपासणीसाठी पाठवलेल्या कालवांमध्ये विष्ठेतील जिवाणू मर्यादेबाहेर आढळले. कालवे दोन दिवस स्वच्छ, निर्जंतुक केलेल्या खाऱ्या पाण्यात ठेवून त्यांचे पोट रिकामे करण्याची रीत आहे. तिने जिवाणू कमी होतात, परंतु सर्व विषाणू जातात असा भरवसा देता येत नाही. म्हणून त्या हंगामाची विक्री थांबवावी लागली. ज्या बायकांनी चिखलात उभे राहून वर्षभर मांडव सांभाळले होते त्यांच्या हाती काही पडले नाही, आणि गटाराविषयी केलेल्या अर्जांना मिळालेल्या उत्तरांत ‘कालवे पाणी साफ करतात’ हेच वाक्य गटाच्याच जुन्या पत्रकातून उचलून लिहिलेले होते. ते वाचताना झालेला संताप अजून ओसरलेला नाही. माठात तुरटी फिरवली म्हणून माठात कोणी खरकटे टाकत नाही. सांडपाण्यावर प्रक्रिया करणे हे नगराचे काम आहे आणि ते कालवांवर ढकलता येणार नाही.

याच अनुषंगाने खाडीच्या वरच्या अंगाकडेही पाहावे लागते. डोंगर उतरणीवरची झाडे तोडून जमीन उघडी झाली की पहिल्या पावसात तांबड्या मातीचा लोंढा खाडीत उतरतो. बारीक गाळ गाळून कालव त्याला तळाशी बसवते हे खरे, पण लोंढाच आला तर कल्ले बुजतात, खडपे गाळाखाली जातात आणि बी बसायला जागा राहत नाही. जपानमध्ये केसेन्नुमा इथले कालवपालक शिगेआत्सु हाताकेयामा यांनी १९८९ पासून आपल्या उपसागराला मिळणाऱ्या नदीच्या उगमाकडच्या डोंगरावर झाडे लावायला सुरुवात केली, कारण समुद्रातल्या कालवांचे अन्न अरण्यातून उतरणाऱ्या पाण्यावर अवलंबून असते, हे त्यांना उमगले होते. कोकणात डोंगर आणि खाडी यांतले नाते त्याहून काही वेगळे नाही.

२०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार कालवांचे सुमारे ८५ टक्के नैसर्गिक थर नष्ट झालेले आहेत. आपल्याकडे सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कांदळवने, प्रवाळ, समुद्री गवत, कासवांच्या विणीच्या जागा यांचा अतिसंवेदनशील म्हणून नावानिशी उल्लेख आहे, परंतु कालवांच्या खडपांचा नाही. त्यामुळे जेटीसाठी असे खडप फोडले गेले तर त्याची स्वतंत्र नोंदही होत नाही. ती यादी बदलेपर्यंत थांबण्याची गरज नाही. खाडीकाठच्या वाचकांना एवढीच विनंती आहे: कालवे काढताना खालची झडप खडकालाच राहू द्यावी, जी कवचे घरी येतील ती भट्टीला न देता उन्हाळाभर अंगणात कडक वाळवावीत, आणि पाऊस ओसरून पाणी खारट होऊ लागले की एखाद्या भांगाच्या दिवशी, पाण्याला ओढ कमी असताना, जिथून ती आली त्याच खडपाच्या पायथ्याशी नेऊन टाकावीत.